रान पांढरं पडलंय: जिप्सम, पाईप की प्लॉट?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: वाळवा तालुक्यात कृष्णेपासून दीडेक किलोमीटर आत तुमचं साडेतीन एकर काळं रान आहे. वीस वर्षांपूर्वी एकरी ५५-६० टन ऊस निघायचा, गेल्या हंगामात २० टनही निघाला नाही. मधल्या सव्वा एकरात लागण टाकली तर फुटवाच येत नाही आणि उन्हाळ्यात वर पांढरा थर फुटतो. माती तपासून घेतली, सामू (पीएच) ८.७ आणि विद्युत वाहकता (क्षारांचं माप, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) २.१ आली. खताचा दुकानदार म्हणतो जिप्सम टाका. बांधाशेजारचे आबा म्हणतात जमिनीखाली पाईप घाला. चुलते म्हणतात गाव आपल्याच बाजूला वाढतंय, एनए करून प्लॉट पाडू आणि मोकळे होऊ. तुम्ही नोकरीला पुण्यात, वडील थकलेले. यातलं काय करावं?

मी चोवीस वर्षं कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात निचऱ्याची कामं करतोय, म्हणजे रानाची मोजणी, चढ-उतार काढणं, जमिनीखालच्या पाइपांचा आराखडा करणं आणि ते घालून घेणं. रान न बघता आकडे सांगणारा माणूस माझ्या धंद्यात विश्वासाचा मानत नाहीत, म्हणून जे रान बघितल्याशिवाय ठरत नाही ते तसं स्पष्ट सांगेन. पण एक गोष्ट न बघताही सांगतो. तिघांनी तुम्हाला तीन उत्तरं दिली, आणि ज्या प्रश्नावर बाकी सगळं ठरतं तो कुणी विचारलाच नाही: तुमच्या रानात उतरणारं पाणी पुढे जातं कुठे?

आधी हे पाणी येतं कुठून ते बघू. आपल्याकडे नदीकाठाला लागून मळीची रानं असतात. पुरानं दरवर्षी गाळ टाकून ती किंचित उंच झालेली. त्यांच्या मागे सखल, खोल काळ्या जमिनीचा पट्टा. त्याच्याही मागे चढ सुरू होतो, मुरमाड माळ लागतो. तुमच्या सांगण्यावरून तुमचं रान या मधल्या पट्ट्यात आहे, म्हणजे बशीच्या तळाला. कोयना धरणानंतर कृष्णेला बारमाही पाणी राहू लागलं, पाणी उपसा संस्था झाल्या, आणि ज्या माळावर कधी हरभरा-शाळूच्या पुढे काही येत नव्हतं तिथे ऊस उभा राहिला. माळाच्या मुरमात मोकाट सोडलेलं पाणी थांबत नाही. ते खाली झिरपतं, मुरमाच्या थरातून उताराकडे सरकतं आणि तुमच्या काळ्या मातीखाली येऊन बसतं. वर काळी चिकणमाती, पुढे मळीची उंच कड. बाहेर पडायला वाट उरते ती फक्त ओढ्याची.

म्हणून वडिलांना "तुम्ही पाणी जास्त दिलंत" असं एकदम म्हणू नका. त्यांनी जास्त दिलंही असेल, ठिबक आल्याखेरीज पाणी कमी देणारा ऊसकरी मी पाहिलेला नाही. पण तुमच्या रानातलं निम्मं पाणी कदाचित वरच्या गटांतलं असेल. निम्मं की पाव, हे नळी गाडल्याशिवाय कळणार नाही. त्याचं पुढे सांगतो.

आता मीठ. शेतकरी मला विचारतात, आम्ही तर गोड पाणी देतो, मीठ आलं कुठून? त्यांना मी हिशोब मांडून दाखवतो. समजा पाण्याची वाहकता ०.५ आहे. हे पाणी प्यायला गोडच लागतं. त्यात लिटरमागे साधारण ३२० मिलिग्रॅम क्षार असतात. उसाला वर्षाला दोन मीटर उंचीचं पाणी दिलं, तर एका एकरात ८,००० घनमीटरच्या वर पाणी गेलं आणि त्याच्याबरोबर अडीच टन क्षार आले. ऊस पाणी पितो, क्षार जवळजवळ सगळे मागे ठेवतो. वीस वर्षांत किती झाले ते तुम्हीच गुणा. त्यात तुम्ही लिहिलंय की २००९ मध्ये विहीर पाडली आणि उन्हाळ्यात तिचंच पाणी देतो. त्या विहिरीची वाहकता २ निघाली तर याच हिशोबानं एकरी दहा टन होतात! विहिरीचं पाणी आधी तपासा. माझ्या दृष्टीनं माती परीक्षणाइतकंच ते महत्त्वाचं आहे, आणि ते कुणीच करत नाही.

एवढे क्षार सगळ्याच रानात येतात, मग सगळीच रानं पांढरी का पडत नाहीत? कारण जिथे पाणी खाली उतरून बाहेर पडतं तिथे ते क्षार घेऊन जातं. जिथे पाण्याची पातळी पाच-सहा फुटांच्या आत येऊन थांबते तिथे उलटा प्रवास सुरू होतो. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावं तसं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार वर राहतात. तुमचा पांढरा थर तो हाच. गावाकडे याला चिबड म्हणतात, कागदावर पाणथळ आणि क्षारपड असे दोन शब्द आहेत. आधी रान चिबड होतं, मग क्षारपड होतं. उलटा क्रम आपल्या भागात मी फार क्वचित पाहिला आहे.

हे काही नवीन दुखणं नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला सुरू झाला आणि पाव शतकात नीरेच्या खोऱ्यातली रानं पांढरी पडू लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१० च्या आसपास त्या जमिनींचा अभ्यास केला. इंग्लिस नावाच्या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात दख्खनच्या कालव्यांखालच्या निचऱ्यावर काम केलं. म्हणजे बारामती-फलटणकडे जे घडून गेलं होतं ते समोर असताना आपण कृष्णेवर तेच पुन्हा केलं, फक्त कालव्याऐवजी मोटारीनं. माळावर पाणी चढवायला सगळ्यांनी भागभांडवल भरलं. खालून पाणी बाहेर काढायला एकाही उपसा संस्थेनं कधी वर्गणी काढल्याचं मला माहीत नाही. मला याचा राग आहे, तो इथे सांडला तर चालवून घ्या.

आता तुमच्या माती परीक्षणाकडे येतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की वाहकता ४ च्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त. तुमची २.१ आहे म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, असं लिहिण्यावरून वाटलं. पण ते ४ हे संपृक्त मातीच्या अर्काचं माप आहे, म्हणजे माती लगदा होईपर्यंत पाणी घालून पिळलेल्या पाण्याचं. आपल्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून मोजतात. जास्त पाण्यानं क्षार पातळ होतात आणि आकडा कमी दिसतो. तुमचा अहवाल तसा असेल, आणि तो असणारच, तर खरी वाहकता दुप्पट-तिप्पट धरा. ऊस १.७ च्या पुढेच कमी पडू लागतो, तोही संपृक्त अर्काच्या मापानं. त्यामुळे २० टनांचं मला काही नवल वाटलं नाही.

दुसरी गोष्ट, अहवालात विनिमययोग्य सोडियमचं, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं, प्रमाण नाही. जिप्सम टाकायचं की नाही हे ज्या आकड्यावर ठरतं तोच गायब आहे! सामू ८.७ आहे म्हणजे सोडियम वाढल्याचा संशय पक्का आहे, पण चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू चांगल्या अवस्थेतही ८.२-८.३ असतो, तेव्हा नुसत्या सामूवर निकाल देऊ नये. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या प्रकारच्या जमिनींवरच काम चालतं, तिथे जाऊन विचारा. तपासणीला एक, दोन आणि तीन फुटांची माती वेगवेगळी द्या. पुस्तकी मर्यादा १५ टक्के सोडियमची आहे. मी ७-८ टक्क्यांनाच सावध होतो, कारण आपली चिकणमाती त्याच्या आधीच दगा देते.

अहवाल येईपर्यंत घरी एक परीक्षा करा. पांढऱ्या पट्ट्यातली मूठभर वाळलेली माती काचेच्या बाटलीत घ्या, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी भरा, हलवा आणि रात्रभर ठेवा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी फसगत होते. सकाळी वरचं पाणी नितळ असेल तर क्षार जास्त आहेत, पण मातीचे कण अजून एकमेकांना धरून आहेत. पाणी चहासारखं गढूळच राहिलं तर सोडियमनं कण सुटे केलेत, जमीन चोपण झाली. अशा मातीत पाणी वरही थांबतं आणि खालीही जात नाही. पावसानंतर आठवडा गेला तरी वाफसा येत नाही, वाळली की कुदळ लागत नाही. तुमच्या वडिलांना विचारा, ते बाटलीशिवाय सांगतील.

आता तीन सल्ल्यांकडे येऊ.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला हाकलतो आणि त्याच्या जागी बसतो. सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्यात विरघळतो. इथपर्यंत दुकानदाराचं बरोबर. पण विरघळलेला सोडियम रानाबाहेर गेला पाहिजे, नाहीतर तो तिथेच फिरत राहतो आणि उन्हाळ्यात वातीतून पुन्हा वर येतो. निचरा नसलेल्या चिबड रानात जिप्सम म्हणजे तुंबलेल्या मोरीत साबण ओतणं. आणि जमीन नुसती क्षारयुक्त असेल, बाटलीतलं पाणी नितळ राहत असेल, तर जिप्समची गरजच नाही. तुम्ही पैसे देऊन रानात आणखी एक क्षार टाकाल. चोपण निघालीच तर अहवालातल्या जिप्समच्या गरजेच्या निम्मं पहिल्या वर्षी, शेणखत किंवा प्रेसमडबरोबर (साखर कारखान्यात रस गाळून उरलेला गाळ), वरच्या वीतभर मातीत मिसळून, पावसाळ्याच्या तोंडावर. जोडीला धैंचा हे हिरवळीचं पीक, एकरी वीस-पंचवीस किलो, आणि फुलावर यायच्या आत दीड महिन्याला गाडायचा. आपल्या जमिनीत चुनखडी भरपूर असते. धैंच्याची मुळं आणि कुजणारा पाला ती थोडी थोडी विरघळवतात, म्हणजे कॅल्शियम घरचाच मिळतो. धैंच्याचं काम हळू होतं, पण खर्च जवळजवळ नाही.

पाइपांचा सल्ला तुमच्या परिस्थितीत बहुधा खरा आहे. सुमारे साडेतीन-चार फूट खोल, जाळीचं आवरण असलेले सच्छिद्र पाईप, आपल्या काळ्या जमिनीत वीस ते तीस मीटर अंतरानं, किंचित उतार देऊन घालायचे. ते एका मोठ्या पाइपात सोडायचे आणि तो मोठा पाईप ओढ्यात. पाण्याची पातळी खाली जाते, पावसाचं आणि दिलेलं पाणी वरचे क्षार धुऊन पाइपातून बाहेर काढतं. पहिल्या पावसाळ्यात पाइपाच्या तोंडाचं पाणी जिभेला लावून बघा, खारट लागेल. ऊस लगेच ५५ टनांवर जाईल अशी आशा धरू नका. पहिलं वर्ष गहू घ्या, तो उसापेक्षा क्षार जास्त सोसतो. ऊस नंतर. खर्चाचा आकडा मुद्दाम देत नाही. पाइपांचे भाव, खोली, अंतर आणि मोठ्या पाइपाची लांबी यावर तो इतका बदलतो की माझ्या आकड्यावर तुम्ही एखाद्या ठेकेदाराशी भांडाल आणि दोघंही चुकाल.

पण पाईप घालण्याआधी माझी एक चूक ऐका. उमेदीच्या काळात एका शेतकऱ्याचं चार एकर केलं. मोजणी नेमकी, उतार नेमका, पाईप उत्तम. बाहेरचं तोंड ओढ्यात सोडलं. ओढा त्या जागी चांगला खोल होता, मी खूश. मी ओढ्यानं खाली अर्धा किलोमीटर चालत गेलो नाही. तिथे नव्या वस्तीसाठी रस्ता झाला होता आणि ओढ्यावर मोरी म्हणून दोन सिमेंटचे नळे टाकले होते, तेही निम्मे गाळानं भरलेले. जुलैत ओढा तुंबला, पाणी माझ्या पाइपाच्या तोंडाच्या वर चढलं आणि उलटं रानात शिरलं. बारा दिवस त्या माणसाच्या रानात तळं होतं. त्याचं नुकसान माझ्यामुळे झालं. तेव्हापासून मी रान बघायला गेलो की आधी ओढ्यानं खाली चालत जातो, रान नंतर बघतो.

तुमच्या गावचा ओढा कसा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण गाव तुमच्या बाजूला वाढतंय असं लिहिलंय, तेवढ्यावरूनच मला काळजी वाटते. गाव वाढतं म्हणजे काय होतं? रस्ते भराव टाकून उंच होतात. पोटओढे प्लॉटमध्ये गडप होतात. गटारं ओढ्यात सोडतात, त्यामुळे जो ओढा फेब्रुवारीत कोरडा पडायचा तो आता मे महिन्यातही वाहतो, सांडपाणी घेऊन. त्यात पाणकणीस माजतं, गाळ अडतो, ओढ्याचा तळ वर येतो. तळ दोन फूट वर आला की आजूबाजूच्या रानांखालचं पाणीही तेवढं वर. सांडपाण्यात साबण-डिटर्जंटचा सोडियम असतो तो वेगळाच. प्रदूषण, वाढती वस्ती आणि नापीक जमीन हे शाळेच्या पुस्तकात तीन निरनिराळे धडे होते. तुमच्या ओढ्यात ते एकाच जागी भेटतात.

कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की हे सगळं पंचगंगेच्या प्रदूषणानं झालं. तसं नाही. पंचगंगा कृष्णेला मिळते नृसिंहवाडीला, तुमच्या कितीतरी खाली. तिचं दुखणं खरं आहे. कोल्हापूरचं सांडपाणी, इचलकरंजीचे कापडप्रक्रियेचे कारखाने. रंगाईला मीठ आणि कॉस्टिक सोडा लागतो, म्हणजे पुन्हा सोडियमच. पण ते भोगतात शिरोळ तालुक्यातली रानं आणि त्याच्या खालचे लोक. तुमचं पाणी तुमच्या माळावरून आणि तुमच्या गावातून येतं. लांबच्या नदीला दोष देणं सोपं जातं, तिथे भांडायला जावं लागत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा की तुमच्या पाइपातून निघणारं खारं पाणी शेवटी कृष्णेतच जाणार, शिरोळकडेच. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ठिबक करून मुळात पाणी आणि क्षार दोन्ही कमी आणायचे, एवढाच मार्ग मला माहीत आहे.

प्लॉटबद्दल तुमच्या चुलत्यांचा मान ठेवून सांगतो. विकायचा हक्क तुमचा आहे, आणि थकलेल्या माणसाला वीस टनांच्या रानात राब असं सांगण्याचा हक्क मला नाही. पण चिबड काळ्या रानावर घर बांधणाऱ्याचं काय होतं ते मी बघितलंय. माती पावसात फुगते, उन्हात आकसते, जोत्याला तडे जातात. दोन वर्षांत भिंतींना लोणा लागतो, गिलावा पापुद्र्यानं सुटतो, क्षार सळईला गंज आणतात. शौचालयाचा शोषखड्डा शोषतच नाही, कारण पाणी चार फुटांवर उभंच आहे. मग ते मैलापाणी ओढ्यात. घेणारा बहुधा तुमच्याच गावचा, पहिलं घर बांधणारा असतो. विकायचंच ठरलं तर किमान पाण्याची पातळी दाखवून विका. आणि साडेतीन एकरांवर भराव पडला की आबांचं रान पुढच्या पावसाळ्यात तळं होईल, हे त्यांना आजच सांगा.

मग करायचं काय? घाई नाही, एक वर्ष मोजण्यात घालवा. पांढऱ्या पट्ट्यात, चांगल्या भागात आणि वरच्या बांधाला अशा तीन ठिकाणी सात फुटी पीव्हीसी नळ्या उभ्या गाडा. खालच्या भागाला भोकं पाडून कापड गुंडाळायचं, वर टोपण. दर पंधरा दिवसांनी दोरीला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं. वडील हे काम आनंदानं करतील, माझा अनुभव आहे. पावसाळ्यात पातळी वर येणारच, तिला महत्त्व देऊ नका. एप्रिलचा आकडा बघा. पाऊस नाही आणि पाणी तीन फुटांवर, तर ते उपशाचं पाणी आहे. पांढऱ्या पट्ट्यात आठ दिवस पाणी न देताही पातळी उतरली नाही आणि वरच्या बांधाची नळी नेहमी भरलेली असेल, तर ते वरून येतंय. मग रानभर पाईप घालण्याआधी वरच्या बांधाला एकच खोल चर, मुरमापर्यंत नेलेला, पाणी आत शिरायच्या आधीच अडवून ओढ्याला लावू शकतो. असा एक चर पुरला, अशी तीन-चार रानं माझ्या माहितीत आहेत. पुरला नाही अशीही आहेत.

त्याच वर्षात भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा आणि ओढा नकाशावर कुठून जातो, जमिनीवर कुठून जातो, हे ताडून बघा. फरक सापडला तर एकट्यानं तक्रार करू नका. ज्यांची रानं पांढरी पडताहेत अशा सात-आठ जणांनी मिळून जा. पाइपांचंही तसंच आहे. मोठा पाईप तीन जणांच्या बांधातून ओढ्याला जाणार असेल तर त्या तिघांची लेखी संमती आधी, खोदाई नंतर. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं निचऱ्याची कामं शेतकऱ्यांचे गट करून केली आहेत. ती बघून या, वाळव्यातून लांब नाही. ओढा तुमच्या पाइपापेक्षा उंचच निघाला, तर बांधाला छोटी विहीर पाडून पाइपांचं पाणी तिच्यात घ्यायचं आणि मोटारीनं उचलून ओढ्यात टाकायचं. विजेचं बिल येतं, पण अडत नाही.

आणि विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत मधल्या सव्वा एकरात ऊस लावू नका. या जूनला तिथे फक्त धैंचा टाका. गावी गेलात की वडिलांना घेऊन रानापासून ओढ्यानं खाली नदीपर्यंत चालत जा आणि वाटेत किती मोऱ्या लागतात, प्रत्येकीत किती नळे आहेत, किती उघडे आहेत ते मोजा. तो आकडा आणि एप्रिलच्या तीन नळ्यांची पातळी मला कळवा, मग पाइपांच्या अंतराबद्दल बोलू.